कलर डॉपलरच्या रिपोर्टमधला आकडा कसा वाचावा?

ध्वनिवेध:

नमस्कार मंडळी,

आपल्या मंचाच्या आरोग्य विभागात डॉपलर तपासणीविषयी सुटे सुटे प्रश्न वारंवार येत असतात. कुणाच्या वडिलांना पायाचा डॉपलर करायला सांगितलेला असतो, कुणाच्या सुनेच्या सोनोग्राफीत नाळेतल्या प्रवाहाविषयी काहीतरी काळजीचे लिहून आलेले असते, तर कुणी मानेच्या धमनीतला वेग देऊन 'हा जास्त आहे का?' एवढेच विचारतो. मी रेडिओलॉजिस्ट असून माझ्या रोजच्या कामाचा मोठा भाग याच तपासण्यांचा आहे. प्रत्येक धाग्यावर तेच ते लिहीत बसण्यापेक्षा ही तपासणी नेमके काय मोजते आणि तिच्यातला आकडा कुठे डळमळतो, हे येथे सविस्तर मांडतो. कुणाच्याही वैयक्तिक रिपोर्टवरून निदान मात्र करणार नाही, कारण ज्या हाताने प्रोब (अंगावर फिरवायचे उपकरण) धरला त्याला जे दिसले ते कागदावर पूर्णपणे कधीच उतरत नाही.

साध्या सोनोग्राफीत प्रतिध्वनी किती वेळाने आणि किती जोराने परत आला, एवढेच यंत्र पाहते आणि त्यावरून चित्र तयार करते. डॉपलरमध्ये ते याखेरीज परत आलेल्या ध्वनीची वारंवारता पाठवलेल्या ध्वनीपेक्षा किती बदलली, हेही तपासते. रक्तातल्या तांबड्या पेशी प्रोबच्या दिशेने येत असतील तर वारंवारता वाढते आणि दूर जात असतील तर ती घटते. मऊ ऊतींमध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला १५४० मीटर धरला जातो. समजा, प्रोब ५ मेगाहर्ट्झचा आहे, रक्त सेकंदाला १ मीटर वेगाने वाहते आहे आणि ध्वनीची शलाका रक्तवाहिनीशी ६० अंशांचा कोन करते आहे, तर वारंवारतेतला फरक साधारण ३२५० हर्ट्झ भरतो. हा फरक माणसाच्या कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यात पडतो. तपासणीच्या खोलीत येणारा 'हुश्श, हुश्श' असा आवाज म्हणजे हृदयाचे ठोके आत ठेवलेल्या माइकने टिपलेले नसतात. तो हाच वारंवारतेतला फरक स्पीकरवर सोडलेला असतो. अनुभवी माणसाला पडद्याकडे न पाहता केवळ त्या आवाजावरून धमनी निरोगी आहे की पुढे अडथळा आहे, याचा बराचसा अंदाज येतो.

आता मुख्य मुद्दा. यंत्राने प्रत्यक्ष मोजलेली गोष्ट म्हणजे वारंवारतेतला फरक. रिपोर्टमध्ये छापलेला 'सेंटिमीटर प्रतिसेकंद' हा आकडा त्या फरकावरून काढलेला असतो आणि तो काढताना शलाका व रक्तप्रवाह यांच्यातला कोन तपासणाऱ्याने स्वतः, पडद्यावरची छोटी रेषा फिरवून, यंत्राला सांगायचा असतो. गणितात त्या कोनाचा कोसाइन येतो आणि सगळी गोम तिथेच आहे. कोन २० अंशांच्या आसपास असताना ५ अंशांची चूक झाली, तर वेगात चार टक्क्यांचाही फरक पडत नाही. खरा कोन ६० अंश असताना तो ६५ असा लावला, तर वेग सुमारे १८ टक्क्यांनी वाढून दिसतो. खरा कोन ८० असताना ८५ लावला गेला, तर वेग थेट दुप्पट होतो. म्हणूनच ६० अंशांच्या पुढे मोजमाप करू नये, हा आमच्या व्यवसायातला पहिला धडा असतो.

याचा परिणाम रिपोर्टवर कसा होतो, ते मानेच्या धमनीच्या उदाहरणाने पाहू. मेंदूकडे जाणाऱ्या आतील कॅरोटिड धमनीत सर्वोच्च वेग १२५ सेंटिमीटर प्रतिसेकंदापेक्षा कमी असेल तर अरुंदपणा ५० टक्क्यांच्या आत, १२५ ते २३० असेल तर ५० ते ६९ टक्के आणि २३० च्या वर असेल तर ७० टक्के किंवा अधिक, असे निकष २००३ साली प्रसिद्ध झाले आणि जगभर अजूनही बहुतेक ठिकाणी तेच वापरले जातात. एखाद्याचा खरा वेग ११० असेल आणि वर सांगितलेली ५ अंशांची गफलत झाली, तर यंत्र १३० दाखवेल. धमनीत काहीही बदललेले नसताना रुग्ण एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात जाऊन बसेल. त्यामुळे चांगला रेडिओलॉजिस्ट केवळ आकड्यावर थांबत नाही. तो भिंतीवरचा चरबीचा थर पाहतो, अरुंद जागेतल्या वेगाची खालच्या सरळ भागातल्या वेगाशी तुलना करतो आणि वेळेनुसार वेग कसा बदलतो ते दाखवणाऱ्या आलेखाचा आकार तपासतो. हे सगळे एकाच दिशेने बोट दाखवत असेल तरच तो ठामपणे लिहितो.

रंगांविषयीचा एक सार्वत्रिक गैरसमजही येथेच दूर करतो. पडद्यावरचा लाल रंग म्हणजे शुद्ध रक्त आणि निळा म्हणजे अशुद्ध, असे नसते. प्रचलित मांडणीत प्रोबकडे येणारा प्रवाह लाल आणि दूर जाणारा निळा दाखवतात, आणि एक बटण दाबून ही मांडणी उलटीही करता येते. एकच वळणदार धमनी अर्धी लाल आणि अर्धी निळी दिसू शकते. रंग हा कुठे पाहायचे हे सांगणारा वाटाड्या आहे. मोजमाप आलेखावरच होते.

शेवटी पायाच्या डॉपलरविषयी, कारण सर्वाधिक गोंधळ तिथे आहे. 'पायाचा डॉपलर' ही एक तपासणी नसून दोन आहेत. धमन्यांचा डॉपलर हा पायाला रक्त पुरेसे पोहोचते का, हे पाहण्यासाठी करतात. चालताना पोटरीत येणारे गोळे, न भरणारी जखम, बोटे काळी पडणे, ही त्याची कारणे. शिरांचा डॉपलर हा रक्त परत वर जाते का आणि वाटेत गुठळी आहे का, हे पाहण्यासाठी करतात. एका पायाला अचानक आलेली सूज किंवा फुगलेल्या निळ्या शिरा, ही त्याची कारणे. दोन्हींची तयारी, वेळ आणि प्रश्न वेगवेगळे असतात. चिठ्ठीवर नुसते 'डॉपलर, दोन्ही पाय' असे लिहिलेले असेल, तर तपासणीच्या आधी डॉक्टरांना धमनीचा की शिरांचा, हे जरूर विचारून घ्यावे. शिरांमध्ये ताजी गुठळी शोधताना तर रंगापेक्षा एक अगदी साधी कृती अधिक भरवशाची ठरते. प्रोबने हलकेच दाबल्यावर निरोगी शीर पूर्ण मिटते आणि गुठळी असलेली शीर मिटत नाही. जांघेपासून गुडघ्यामागपर्यंत आणि पुढे पोटरीत थोड्या थोड्या अंतरावर असे दाबत जावे लागते. 'डॉक्टरांनी मशीन नुसती दाबली, रंग फार लावलाच नाही,' अशी तक्रार कुणी केली, तर ती तपासणी बहुधा नीट झालेली असते.

उंबरठा:

अत्यंत उपयुक्त लेख. यावरून घरातली एक शंका विचारतो. माझ्या आईला बऱ्याच वर्षांचा मधुमेह असून अंगठ्याजवळची जखम दोन महिन्यांपासून भरत नाही. घोट्याजवळचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून जे गुणोत्तर काढतात, ते १.४५ आले. इंटरनेटवर सगळीकडे '०.९ पेक्षा कमी असेल तर अडथळा' असे वाचल्यामुळे आम्ही निर्धास्त झालो होतो. मात्र सर्जन म्हणाले की पायाला रक्त कमी पडते आहे आणि धमन्यांचा पूर्ण डॉपलर करून घ्यावा लागेल. आकडा चांगला असताना रक्तपुरवठा वाईट कसा असू शकतो?

ध्वनिवेध:

सर्जनांचे म्हणणे बरोबर आहे आणि आपण विलंब करू नये, हे आधी सांगतो.

हे गुणोत्तर काढताना घोट्यावर रक्तदाबाचा पट्टा बांधतात, पेन्सिलीएवढा छोटा डॉपलर प्रोब पावलाच्या धमनीवर ठेवतात आणि पट्टा फुगवून प्रवाहाचा आवाज कधी बंद होतो व हवा सोडल्यावर कधी परत येतो, ते पाहतात. आवाज परत येतो तो दाब म्हणजे घोट्याचा दाब. त्याला दंडाच्या दाबाने भागले की गुणोत्तर मिळते. या सगळ्यामागे एक गृहीत आहे: बाहेरून पट्टा आवळला की धमनी दबते. दीर्घकाळच्या मधुमेहात, तसेच मूत्रपिंडाच्या जुनाट आजारात, पायाच्या धमन्यांच्या मधल्या थरात कॅल्शियम साचते आणि त्या कडक होतात. अशी धमनी पट्ट्याने दबतच नाही. दाब वाढवत गेले तरी आवाज चालूच राहतो. त्यामुळे गुणोत्तर फुगून येते. १.४ च्या वरचे गुणोत्तर 'उत्तम' असे वाचायचे नसते, तर 'या पद्धतीने मोजता आले नाही' असे वाचायचे असते.

अशा वेळी दोन गोष्टींवर भर देतात. पायाच्या अंगठ्याला छोटा पट्टा बांधून तिथला दाब मोजतात, कारण बोटांच्या बारीक धमन्यांत हा कडकपणा सहसा कमी असतो. तो दाब पाऱ्याच्या ३० मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर जखम आपोआप भरण्याची आशा फार कमी धरतात आणि रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञाकडे तातडीने पाठवतात. दुसरी गोष्ट म्हणजे डॉपलरच्या आलेखाचा आकार. विश्रांतीच्या स्थितीत निरोगी पायाच्या धमनीचा आलेख तीन टप्प्यांचा असतो: हृदयाच्या ठोक्याबरोबर उंच टोकदार शिखर, त्यानंतर क्षणभर उलटा प्रवाह आणि मग पुन्हा थोडासा पुढचा. वरच्या भागात मोठा अडथळा असला की हा उलटा टप्पा नाहीसा होतो, शिखर बुटके आणि गोलसर होते व ते उशिरा येते. भिंत कितीही कडक असली तरी हा आकार सहजासहजी खोटे बोलत नाही. आईच्या रिपोर्टमध्ये घोट्याजवळच्या धमन्यांसमोर 'मोनोफेजिक' (एकाच टप्प्याचा आलेख) असा शब्द असेल, तर सर्जनांचा निष्कर्ष कुठून आला ते आपल्या लक्षात येईल.

उंबरठा:

तोच शब्द आहे, तोही दोन्ही धमन्यांसमोर. उद्याच वेळ घेतो. मनःपूर्वक आभार.

शून्यप्रहर:

मी वैद्यकातला नाही. संदेशप्रक्रिया हे माझे क्षेत्र आहे. मूळ लेखातील विवेचन अखंड चालणाऱ्या शलाकेसाठी तंतोतंत लागू पडते, मात्र आजची बहुतेक यंत्रे वेगळ्या पद्धतीने काम करतात, एवढी पुस्ती जोडतो. रंगीत चित्रासाठी आणि विशिष्ट खोलीवरच्या मोजमापासाठी यंत्र ध्वनीचे छोटे छोटे स्पंद पाठवते. एका स्पंदातला वारंवारतेचा बदल शोधणे अवघड असते, कारण शरीरातून जाताना स्पंदाची वारंवारता तशीही थोडी बदलते. त्याऐवजी एकामागून एक पाठवलेल्या स्पंदांच्या प्रतिध्वनींमध्ये कला (फेज, म्हणजे लहर आपल्या आवर्तनात कुठे आहे ते) किती सरकली, हे मोजले जाते. गणित शेवटी त्याच सूत्रावर येते, म्हणून नाव डॉपलरचेच राहिले.

या पद्धतीची एक किंमत मोजावी लागते. स्पंदांच्या दर सेकंदाच्या संख्येच्या निम्म्याहून वारंवारतेतला फरक जास्त झाला, की आलेखाचे शिखर कापले जाऊन खालून उलट्या दिशेने उगवते. रंगीत चित्रात लाल मध्येच पिवळा होऊन एकदम निळा होतो. रुग्णांना वाटते की रक्त उलटे वाहते आहे. प्रत्यक्षात यंत्राची वेगमर्यादा कमी ठेवलेली असते.

इतिहासाची थोडी भर घालतो. ख्रिस्टियन डॉपलर यांनी १८४२ साली प्राग येथे हे तत्त्व मांडले ते जोडताऱ्यांच्या रंगांचा उलगडा करण्यासाठी. गंमत अशी की ताऱ्यांच्या रंगांबाबत त्यांचे स्पष्टीकरण चुकीचे होते, तत्त्व मात्र अचूक निघाले. ध्वनीच्या बाबतीत त्याची परीक्षा १८४५ साली नेदरलँड्समध्ये बॉइस बालॉट यांनी घेतली. आगगाडीत तुतारीवादक बसवून रुळाशेजारी सुरांची उत्तम जाण असलेले श्रोते उभे केले होते. वैद्यकात ते आणण्याचे श्रेय मुख्यतः जपानमधील ओसाका येथील शिगेओ सातोमुरा यांना जाते. १९५० च्या दशकात त्यांनी हृदयाच्या आणि नंतर रक्तवाहिन्यांच्या हालचाली या पद्धतीने टिपल्या.

ध्वनिवेध:

शून्यप्रहर, पुस्ती रास्त आहे. रुग्णांसाठी लिहिताना कलेचा मुद्दा मी मुद्दाम बाजूला ठेवला होता. तुम्ही सांगितलेल्या उगवणाऱ्या शिखराचा आम्हाला उपयोगही होतो: वेगमर्यादा योग्य ठेवलेली असताना धमनीच्या एकाच बिंदूवर रंगांची अशी खिचडी दिसली, तर अरुंद जागा बहुधा तिथेच असते आणि मोजमापाची खूण तिथे ठेवायची असते.

पाऊलवाट:

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. येथे कोनाचा मुद्दा इतका नेमका मांडला गेला आहे की गर्भारपणातल्या डॉपलरविषयी त्याच धाग्याने पुढे लिहिते, कारण तिथे आम्ही कोनाला जवळपास पूर्णपणे बगल देतो.

नाळेतल्या धमन्या पिळदार असतात आणि बाळ हलत असते. तिथे कोन नेमका लावणे अशक्यप्राय आहे. म्हणून आम्ही वेग मोजतच नाही, गुणोत्तरे काढतो. बाळाच्या हृदयाच्या आकुंचनाच्या वेळचा सर्वोच्च वेग आणि दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीच्या शेवटी उरलेला वेग यांची तुलना करतो. एकाच ठोक्यातल्या दोन्ही वेगांत कोनाची चूक सारखीच शिरलेली असते, त्यामुळे भागाकारात ती कटून जाते. रिपोर्टमधले आरआय (रेझिस्टिव्ह इंडेक्स), पीआय (पल्सॅटिलिटी इंडेक्स) आणि एस/डी (या दोन वेगांचे थेट गुणोत्तर) हे आकडे असेच काढलेले असतात व म्हणूनच त्यांच्यापुढे कसलेही एकक नसते.

या आकड्यांचा अर्थ वारेशी (प्लॅसेंटाशी) निगडित आहे. वार निरोगी असेल तर तिच्यातल्या असंख्य बारीक रक्तवाहिन्यांमुळे प्रवाहाला होणारा रोध महिन्यागणिक कमी होत जातो आणि ठोक्यांच्या मधल्या काळातही रक्त पुढे वाहत राहते. वारेचा बराच भाग निकामी झाला तर रोध वाढतो आणि मधल्या काळातला प्रवाह आटत जातो. पुढच्या पायरीवर तो पूर्ण थांबतो, त्याही पुढे उलटा होतो. बाळाची वाढ खुंटलेली असताना प्रवाह थांबलेला दिसला, तर साधारणपणे ३४ आठवड्यांच्या पुढे थांबत नाहीत. उलटा प्रवाह असेल तर प्रसूती त्याहून अलीकडे आणतात. हे निर्णय एका आलेखावर घेतले जात नाहीत. बाळाच्या मेंदूतल्या धमनीचा प्रवाह, यकृताजवळच्या डक्टस व्हेनोसस या नीलेचा आलेख, बाळाच्या ठोक्यांची नोंद आणि आईचा रक्तदाब हे सगळे एकत्र पाहावे लागते. मेंदूच्या धमनीत उलट चित्र असते. वारेकडून पुरवठा कमी पडू लागला की बाळाचे शरीर मेंदूकडे जास्त रक्त वळवते, तिथला रोध कमी होतो, म्हणजे तिथे पीआय कमी असणे हे काळजीचे लक्षण. नाळेत आकडा जास्त असणे वाईट आणि मेंदूत तो कमी असणे वाईट, हे लक्षात न घेता रिपोर्ट वाचणारी मंडळी हमखास गोंधळतात.

गुणोत्तराऐवजी वेग मोजण्याचा अपवाद एकच. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असून तिच्या शरीरात बाळाच्या रक्तपेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली असतील, तर बाळाला रक्तक्षय होतो का, हे मेंदूच्या धमनीतल्या प्रत्यक्ष वेगावरून ठरवतात. पातळ झालेले रक्त जोरात वाहते. त्या आठवड्याच्या मध्यमूल्याच्या दीडपटीहून वेग जास्त असेल तर मध्यम किंवा तीव्र रक्तक्षयाची शंका घेतात. सन २००० च्या सुमारास ही पद्धत प्रस्थापित झाली आणि गर्भजल सुईने पुन्हा पुन्हा काढून तपासण्याची गरज मोठ्या प्रमाणात संपली. येथे मात्र वेगच हवा असल्याने शलाका धमनीच्या अगदी सरळ रेषेत, शून्य अंशांच्या जवळ आणावी लागते आणि बाळाने डोके फिरवले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

सर्व गर्भवतींना नाळेचा डॉपलर करावा का? माझे मत स्पष्टपणे 'नाही' असे आहे. बाळाची वाढ कमी असणे, आईला गर्भारपणातला रक्तदाब असणे, जुळ्यांची वार एकच असणे, अशा जोखमीच्या गर्भारपणात या तपासणीने बाळांचे मृत्यू कमी होतात, हे सिद्ध झालेले आहे. जोखीम नसलेल्या गर्भारपणात असा लाभ दिसलेला नाही. उगाच एखादा सीमारेषेवरचा आकडा निघतो आणि घरभर चिंता पसरते. पहिल्या काही आठवड्यांत तर केवळ ठोके ऐकवण्यासाठी स्पंदित डॉपलर लावू नये, कारण त्यात एकाच जागी पडणारी ध्वनिऊर्जा साध्या चित्रापेक्षा बरीच जास्त असते. ठोके दाखवायचे असतील तर साध्या सोनोग्राफीतूनच हालचालीची नोंद घेता येते.

जाता जाता, गर्भवतीचा डॉपलर हीदेखील कायद्याच्या दृष्टीने सोनोग्राफीच आहे. फॉर्म एफ, ओळखपत्र आणि सही लागतेच. 'आम्हाला नुसता रक्तप्रवाह पाहायचा आहे' म्हणून त्यातून सुटका नाही. गर्भलिंग निदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्येच केला होता, देशाचा कायदा १९९४ सालचा. त्या कागदपत्रांवरून स्वागतकक्षातल्या मुलीशी वाद घालणाऱ्या नातेवाइकांनी हे ध्यानात ठेवावे.

मोगरीचा_आळा:

पाऊलवाट ताई, ऑनलाइन मिळणारा घरगुती डॉपलर घ्यावा का? सातवा महिना चालू आहे. बाळाचे ठोके रोज ऐकता आले तर मनाला बरे वाटेल, असे वाटते.

पाऊलवाट:

घेऊ नये, असेच सांगेन. त्या यंत्रात आईच्या महाधमनीचे ठोके किंवा वारेतला प्रवाह ऐकू येतो आणि सवय नसलेल्या कानाला तोच बाळाचा ठोका वाटतो. बाळाचे ठोके मिनिटाला साधारण ११० ते १६० असतात. आई घाबरलेली असली की तिची स्वतःची नाडीही त्याच्या जवळ जाते. शिवाय ठोके चालू असणे म्हणजे बाळ सुखरूप असणे नव्हे. हालचाल कमी झाल्यावर बायका घरी ठोके ऐकून निश्चिंत होतात आणि रुग्णालयात यायला उशीर करतात, हा खरा धोका आहे. आपण हालचालींकडे लक्ष ठेवावे आणि त्या नेहमीपेक्षा कमी वाटल्या, तर कुठलेही यंत्र न लावता त्याच दिवशी, रात्र असली तरी, तपासून घ्यावे.

दर्यापार:

मी इंग्लंडमध्ये रक्तवाहिन्यांच्या तपासणी विभागात काम करते. इकडे ही तपासणी बऱ्याच ठिकाणी डॉक्टर नव्हे, तर याच कामाचे वेगळे प्रशिक्षण घेतलेले तंत्रज्ञ करतात. फुगलेल्या शिरांच्या तपासणीविषयी एक गोष्ट लिहावीशी वाटते, कारण भारतात सुट्टीवर आले की नातेवाईक रिपोर्ट दाखवतात आणि त्यात रुग्ण उभा होता की आडवा, याचा उल्लेखच नसतो.

शिरांमधल्या झडपा गळतात का, हे पाहण्यासाठी रुग्णाला उभे करून, तपासायच्या पायावरचा भार काढून, दुसऱ्या पायावर उभे राहायला सांगतात. मग पोटरी हाताने दाबून एकदम सोडतात. दाबल्यावर रक्त वर जाते, सोडल्यावर ते खाली येऊ लागते आणि निरोगी झडप लगेच मिटते. त्वचेलगतच्या शिरांत अर्ध्या सेकंदाहून अधिक काळ आणि मांडीच्या खोल शिरांत एका सेकंदाहून अधिक काळ रक्त उलटे वाहिले, तर झडप गळते असे म्हणतात. रुग्ण सपाट झोपलेला असेल तर गुरुत्वाकर्षणाचा जोर नसतो आणि गळणारी झडपही नीट दिसत नाही. लेझर किंवा अन्य उपचार या तपासणीच्या आधारे ठरत असल्याने 'मला उभे करून तपासणार ना?' असे विचारण्यात काहीही गैर नाही.

आडवळण:

चर्चा उत्तम आहे, पण एक कडवट प्रश्न विचारतो. चाळिशी उलटली की आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये मानेचा डॉपलर घुसडलेला असतो. काहीही त्रास नसताना तो करावा का? की 'कलर' हा शब्द बिल वाढवण्यासाठी आहे?

ध्वनिवेध:

प्रश्न कडवट असला तरी योग्य आहे. कोणतीही लक्षणे नसलेल्या सर्वसामान्य प्रौढांमध्ये कॅरोटिड धमनीची सरसकट तपासणी करू नये, अशीच अमेरिकेतील प्रतिबंधक सेवांच्या तज्ज्ञगटाची शिफारस आहे. २०१४ मध्ये ती दिली गेली आणि २०२१ मध्ये तीच कायम ठेवली गेली. कारण साधे आहे. निरोगी लोकांमध्ये मोठा अडथळा क्वचित असतो, त्यामुळे सापडलेल्या 'अडथळ्यां'त खोट्या इशाऱ्यांचे प्रमाण वाढते. त्या इशाऱ्यामागून येणाऱ्या अँजिओग्राफीला आणि शस्त्रक्रियेला स्वतःचे धोके असतात, त्यात पक्षाघातही आला. मूळ लेखातले ११० आणि १३० चे उदाहरण येथे पुन्हा आठवावे. मात्र एखाद्याचा हात, पाय किंवा वाचा काही मिनिटे जाऊन परत आली असेल, एका डोळ्यापुढे पडदा पडून गेला असेल, तर हाच डॉपलर अत्यंत निकडीचा ठरतो आणि तिथे पैशांचा विचार करू नये.

स्पंदन:

हृदयाच्या इकोविषयी थोडक्यात भर घालतो, कारण मी त्या विभागात आहे. अरुंद झडपेतून जाणाऱ्या रक्ताचा वेग मीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करायचा आणि चाराने गुणायचे, की झडपेच्या दोन बाजूंमधला दाबाचा फरक पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मिळतो. महाधमनीच्या झडपेत वेग ४ मीटर निघाला, तर फरक ६४ होतो आणि झडप तीव्र अरुंद समजली जाते. पूर्वी हा दाब मोजायला हृदयात नळी घालावी लागे. इकोमध्ये आम्ही कोन दुरुस्त करत नाही, तो शून्य धरतो. त्यामुळे शलाका तिरपी पडली तर वेग खऱ्यापेक्षा कमीच येतो, जास्त कधीच येत नाही. झडप निबर आणि जाड दिसत असताना आकडा सौम्य आला, तर आम्ही छातीच्या उजव्या बाजूने आणि गळ्याच्या खाचेतून पुन्हा शोधतो आणि मिळालेल्यांपैकी सर्वांत मोठा वेग ग्राह्य धरतो.

उंबरठा:

आणखी एक विचारून घेतो, कारण वडिलांचे डायलिसिस सुरू व्हायचे आहे. हातावर फिस्टुला (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने केलेला धमनी व शिरेचा जोड) करून सहा आठवडे झाले. डॉपलरमध्ये प्रवाह मिनिटाला ५६० मिलिलीटर आला. ६०० च्या खाली आहे म्हणून तो निकामी समजायचा का?

ध्वनिवेध:

एवढ्यावरून नाही. मिनिटाला ६०० मिलिलीटर प्रवाह, ६ मिलिमीटर रुंदी आणि त्वचेपासून ६ मिलिमीटरच्या आत खोली, हा लक्षात ठेवायला सोपा म्हणून रूढ झालेला ठोकताळा आहे. प्रवाहाचा आकडा सरासरी वेगाला वाहिनीच्या छेदाच्या क्षेत्रफळाने गुणून येतो आणि क्षेत्रफळात रुंदीचा वर्ग असतो. खरी रुंदी ६ मिलिमीटर असताना खूण जरा आत पडून ती ५.५ मोजली गेली, तर तेवढ्यानेच प्रवाह १६ टक्क्यांनी कमी दिसतो. त्यात कोनाची चूक वेगळी. म्हणून अनेक जण फिस्टुलाऐवजी दंडाच्या धमनीत प्रवाह मोजतात, कारण ती सरळ आणि गोल असते, तर फुगलेली शीर वाकडीतिकडी असते आणि प्रोबच्या दाबाने चपटी होते. रिपोर्टमध्ये प्रवाह कुठे मोजला आहे, शिरेची रुंदी आणि खोली किती आहे व जोडाजवळ वेग एकदम वाढलेला आहे का, हे पाहा. या गोष्टी नोंदवलेल्या नसतील तर त्याच केंद्रात जाऊन त्या लिहून मागा. फिस्टुलावर हात ठेवल्यावर सलग थरथर जाणवते की नुसते ठोके लागतात, हेही मूत्रपिंडतज्ज्ञांना दाखवा. थरथर चांगली असेल आणि शीर रुंदावत असेल, तर ते बहुधा काही आठवड्यांनी पुन्हा मोजायला सांगतील. नुसते ठोके असतील तर पुढे अडथळा आहे का, ते लवकर शोधावे लागेल.